उच्च परीक्षांचे गणित आणि आपली मुले
(विद्यार्थी व पालक यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांतून पेढे वाटले जातात. ते योग्यच आहे. परंतु तोच मुलगा विज्ञान शाखेत गेल्यावर अकरावीच्या सहामाहीचा निकाल येतो, तेव्हा कोणी काही वाटीत नाही. मुलगा प्रगतिपुस्तक लपवितो, आई विचारीत नाही, आणि पुढे केव्हातरी घरात एक वाक्य उच्चारले जाते : “गणित आपल्या डोक्यात बसत नाही.”

या वाक्यातील “आपल्या” हा शब्द मला फार खटकतो. विद्या ही अमक्याच्या रक्तात आहे आणि तमक्याच्या नाही, हाच सिद्धांत शेकडो वर्षे आपल्या माथी मारण्यात आला होता. तो आपण समारंभपूर्वक टाकून दिला. मग तो गणिताच्या वहीतून पुन्हा घरात का घ्यावा ? मुलाच्या डोक्यात काही उणे नसते. त्याच्या वहीत उणे असते, आणि ते कोठे आहे हे बोट ठेवून दाखविता येते. तेवढेच काम मला आज करावयाचे आहे.

अकरावी-बारावीच्या नापास उत्तरपत्रिका काळजीने वाचल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. विद्यार्थी कलनाच्या किंवा त्रिकोणमितीच्या नव्या सूत्रापाशी फारसा अडखळत नाही. सूत्र त्याने पाठ केलेले असते. तो अडखळतो चौथ्या-पाचव्या ओळीत, जेथे दोन अपूर्णांक मिळवावयाचे असतात, किंवा कंस सोडविताना चिन्ह बदलावयाचे असते. म्हणजे परीक्षा बारावीची आणि चूक सहावीची. यास्तव उच्च परीक्षेची तयारी दहावीनंतर महागड्या क्लासात सुरू होते, हा समज मुळातच चुकीचा आहे.

प्रथम अपूर्णांक पाहू. एक छेद दोन अधिक एक छेद तीन किती, असे विचारले असता पुष्कळ मुले वरचे अंक मिळवितात, खालचे अंक मिळवितात आणि दोन छेद पाच असे उत्तर लिहितात. आता विचार करा. अर्धी भाकरी होती, तीत आणखी तिसरा हिस्सा घातला, आणि उत्तर आले ते अर्ध्याहूनही कमी ! स्वयंपाकघरात जी गोष्ट कोणी मान्य करणार नाही, ती वहीत मान्य होते. कारण वहीतील अंकांचा भाकरीशी काही संबंध आहे असे त्या मुलाला कोणी सांगितलेलेच नसते. खरे उत्तर पाच छेद सहा. हाच मुलगा पुढे एक छेद क्ष अधिक एक छेद य यांची बेरीज दोन छेद क्ष अधिक य अशी करतो, आणि तेथून पुढचे सारे पान वाया जाते.

पूर्वी पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकून घेत असत. हे अपूर्णांकांचेच पाढे होत. त्या शाळेचा उंबरठा आपल्या पणजोबांना बंद होता, म्हणून ते पाढे आपल्या घरात आले नाहीत. परंतु पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द बाजारातून आपल्या घरी आलेच की. ज्या आईला लिहिता येत नाही तिलाही सव्वा किलो ज्वारीचे पैसे मनात काढता येतात. तेव्हा माझी मातांना विनंती आहे की, तो हिशेब मनातल्या मनात न करता मुलांसमोर मोठ्याने करावा. अपूर्णांकांचा याहून चांगला वर्ग मला ठाऊक नाही.

दुसरी जागा ऋण चिन्हाची. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धांतात शून्य, धन आणि ऋण संख्यांचे नियम दिले. धन म्हणजे मालमत्ता आणि ऋण म्हणजे कर्ज, हा अर्थ शब्दांतच आहे. कर्ज म्हणजे काय हे आपल्या मुलांना शिकविण्याची गरज दुर्दैवाने पडत नाही. दुकानदाराच्या वहीतील आपली २०० रुपयांची उधारी खोडली गेली, तर आपण २०० रुपयांनी वर आलो. वजा वजा २०० म्हणजे अधिक २००, याचा अर्थ एवढाच.

या चिन्हाने केवढा घात होतो पाहा. वर्गसमीकरण घ्या : २क्ष² − ५क्ष − ३ = ०. सूत्रातील ब² − ४अक या राशीत किमती घालताना क ची किंमत वजा तीन आहे हे विसरले, तर २५ − २४ म्हणजे १ येते आणि उत्तरे दीड व एक अशी निघतात. चिन्ह सांभाळले तर २५ + २४ म्हणजे ४९ येते, आणि उत्तरे ३ व वजा अर्धा अशी निघतात. चुकीची उत्तरेही किती नीटनेटकी आहेत ! म्हणून उत्तर सुबक आले यावर विसंबू नये, ताळा पाहावा. क्ष च्या जागी ३ घाला : १८ − १५ − ३ = ०, जुळले. क्ष च्या जागी १ घाला : २ − ५ − ३ = −६, जुळले नाही. या ताळ्याला अर्धे मिनिटही लागत नाही. ताळा पाहण्याची सवय असलेल्या मुलाला उत्तर बरोबर आहे की नाही हे गुरुजींना विचारावे लागत नाही, आणि मला वाटते, गणित शिकण्याचा निम्मा लाभ यातच आहे.

अक्षरांविषयी थोडक्यात सांगतो. क्ष हे अक्षर म्हणजे एखादे गूढ नव्हे. ती एक संख्या आहे, फक्त अद्याप कळलेली नाही. (अ + ब)² म्हणजे अ² + ब² असे वाटले, तर ३ आणि ४ घालून पाहा. एकीकडे ४९ येतात, दुसरीकडे २५. वरच्या क्ष + ३ ला खालच्या ३ ने भागताना तीनावर तीन कापावेसे वाटले, तर क्ष ला ६ माना. नऊ भागिले तीन म्हणजे तीन, सहा नव्हे. ज्याला संशय आल्यावर संख्या घालून पाहता येते, त्याला बीजगणिताची भीती फार काळ वाटत नाही.

याहून अवघड आहे ते शाब्दिक उदाहरण. दोन पूर्ण आणि तीन अर्धी तिकिटे मिळून ४२० रुपये झाले, तर पूर्ण तिकीट किती रुपयांचे ? पूर्ण तिकीट क्ष रुपयांचे मानले की साडेतीन क्ष म्हणजे ४२०, आणि क्ष म्हणजे १२०. सोडविणे दोन ओळींचे आहे. कठीण आहे ते वाक्य समीकरणात उतरविणे. आपली मुले हे उदाहरण सोडून पुढे जातात आणि शिक्षकही पुष्कळदा जाऊ देतात. वास्तविक पुढील प्रत्येक परीक्षेत हेच विचारले जाते. शेकडेवारीचेही तसेच. ५०० रुपयांची वस्तू २० टक्क्यांनी महागली आणि मग २० टक्क्यांनी उतरली, तर किंमत ५०० होत नाही, ४८० होते. कारण दुसरे २० टक्के ६०० चे असतात. सावकार “शेकडा तीन” म्हणतो तेव्हा तो महिन्याचा दर सांगतो. वर्षाला ते ३६ टक्के पडतात. हे गणित न आल्यामुळे किती घरे बुडाली याची मोजदाद कोणी केलेली नाही.

भूमितीत आकृती स्वतः काढावी आणि सिद्धतेच्या प्रत्येक ओळीपुढे कारण लिहावे. तूर्त इतके पुरे.

आता परीक्षांच्या स्वरूपाकडे वळतो, कारण तेथे आपली मुले माहितीच्या अभावी मार खातात. दहावीला गणित भाग १ आणि भाग २ असे ४० गुणांचे दोन पेपर, प्रत्येकास दोन तास. म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे. तेथे पायऱ्या लिहिण्याला मोल आहे. अभियांत्रिकीच्या राज्य प्रवेश परीक्षेत, म्हणजे एमएचटी-सीईटीत, सध्या गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवावयाचे असतात. एका प्रश्नाला १०८ सेकंद. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेत १२० प्रश्न आणि अडीच तास. एका प्रश्नाला ७५ सेकंद. या परीक्षांत गणकयंत्र नेता येत नाही. पाढे, ३० पर्यंतचे वर्ग आणि अदमासाने उत्तर ताडण्याची सवय नसेल, तर सर्व काही समजूनही पेपर अर्धा राहतो.

चुकीच्या उत्तराला गुण कापतात याची मुलांना धास्ती असते. परंतु हेही गणितच आहे, ते करून पाहावे. जेईई मेनच्या चार पर्यायांच्या प्रश्नांत बरोबर उत्तरास ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरास १ गुण जातो. बारा प्रश्नांत विचारपूर्वक एकेक पर्याय बाद केला आणि उरलेल्या तिहींतून निवड केली, तर सरासरीने चार बरोबर येतील. १६ मिळाले, ८ गेले, हाती ८ राहिले. प्रबोधिनीच्या परीक्षेत प्रश्नाला अडीच गुण आणि चुकीला त्याचा तिसरा हिस्सा वजा. तेथे बारा प्रश्न डोळे मिटून सोडविले तर सरासरीने तीन बरोबर, साडेसात मिळाले. नऊ चूक, साडेसातच गेले. हाती शून्य. आणि सीईटीत तर गुण कापलेच जात नाहीत. तेथे एकही प्रश्न कोरा ठेवणे म्हणजे आपला हक्क आपण होऊन सोडणे होय.

काही पालक म्हणतात, “आमच्या मुलीला डॉक्टर व्हावयाचे आहे, तिला गणित कशाला ?” नीट परीक्षेत गणिताचा स्वतंत्र पेपर नाही हे खरे; परंतु १८० प्रश्नांपैकी ४५ भौतिकशास्त्राचे असतात, आणि गुणोत्तर व घातांक यांवाचून भौतिकशास्त्राचे एक पाऊलही पडत नाही. खडकवासल्याच्या प्रबोधिनीचे दार २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुलींना उघडले. सैन्यदलासाठी कोणत्याही शाखेचा बारावीचा विद्यार्थी बसू शकतो, परंतु गणिताचा पेपर सर्वांनाच द्यावा लागतो. दार उघडणे कायद्याचे काम. आत जाणे या पेपरावर अवलंबून आहे.

भाषेचाही एक अडसर आहे. मराठी माध्यमात दहावी झालेल्या मुलाला लसावि ठाऊक असतो, एलसीएम म्हटले की तो गोंधळतो. त्रिज्या आणि रेडियस, चल आणि व्हेरिएबल, उतार आणि स्लोप अशा दीड-दोनशे शब्दांच्या जोड्या नववीपासूनच एका वहीत लिहून ठेवाव्यात. जेईई मेन २०२१ पासून मराठीतूनही देता येते, हेही ध्यानात असावे. मात्र अकरावीचे वर्ग बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच चालतात.

येथे अमेरिकेतील एका गृहस्थाचे उदाहरण देतो. रॉबर्ट मोझेस हे तेथील कृष्णवर्णीयांच्या हक्कांचे लढवय्ये. १९६१ पासून त्यांनी मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांची नावे मतदार यादीत घालण्यासाठी मार खाल्ला, तुरुंगवास सोसला. तेथे मतदाराची वाचनपरीक्षा घेत आणि तिच्या आडून कृष्णवर्णीयांना नाकारीत. १९६५ च्या मताधिकार कायद्याने ती भिंत पाडली. पुढे १९८२ साली याच मोझेस यांनी बीजगणित शिकविण्याची चळवळ काढली, आणि २०२१ साली मृत्यू येईपर्यंत ते त्याच कामात राहिले. आधी वाचनाच्या नावाने अडविले, आता गणिताच्या नावाने अडविले जाईल, म्हणून बीजगणित हा नागरी हक्काचाच प्रश्न आहे, अशी त्यांची भूमिका होती.

त्यांची रीत साधी होती. मुलांना आगगाडीतून न्यावयाचे, स्थानके मोजावयास लावावयाची, प्रवासाचे वर्णन प्रथम आपल्या बोलीत करू द्यावयाचे, आणि चिन्हे शेवटी आणावयाची. आपणही हे करू शकतो. दादर शून्य माना. कल्याणकडे अधिक, मुंबईकडे वजा. माटुंगा, शीव, कुर्ला. कुर्ला अधिक ३. उलट दिशेने परळ, करी रोड, चिंचपोकळी, भायखळा. भायखळा वजा ४. भायखळ्याहून कुर्ल्याला धीम्या गाडीने निघालात तर किती स्थानके ? तीन वजा वजा चार, म्हणजे सात. मुलगा बोटांवर मोजून सात म्हणतो, आणि वजा-वजाचा नियम त्याला पाठ करावा लागत नाही. गावाकडे एसटीचे थांबे आहेतच.

पालकांना शेवटच्या दोन-तीन गोष्टी सांगतो. मूल आठवीत असेल आणि शाळा सरकारी, स्थानिक संस्थेची वा अनुदानित असेल, तर एनएमएमएस परीक्षेचा अर्ज भरावा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांहून अधिक नसावे. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, आणि तीत विचारले जाणारे गणित आपण आज पाहिलेलेच आहे. धर्मांतरामुळे सवलती जातील अशी धास्ती काही नव्या कुटुंबांना घातली जाते. १९९० साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करून अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांना त्या सूचीत स्पष्टपणे समाविष्ट केले आहे. जातीच्या दाखल्याची कागदपत्रे मात्र दहावीच्या आधीच जमवावीत, प्रवेशाच्या आठवड्यात धावाधाव करू नये. आणि रोज रात्री मुलाजवळ अर्धा तास बसावे. आपल्याला गणित येत नसले तरी चालेल, “हे उत्तर बरोबर कशावरून?” एवढेच विचारावे आणि त्याने समजावून सांगेपर्यंत उठू नये.

ज्या विद्यार्थ्यांनी वह्या आणल्या आहेत त्यांनी त्या या टेबलावर ठेवाव्यात. चहा होईपर्यंत मी त्या चाळतो, आणि मग फळ्यावर अपूर्णांकांपासून सुरुवात करू. नववी-दहावीच्या मुलांनीही बसावे. हे खालच्या वर्गाचे आहे असे म्हणून कोणी घरी जाऊ नये.