घराची ऊब आणि सरकारी अनुदान



वैशाखाच्या तोंडावर आपण सारे पंख्याखाली बसलो असताना घर ऊबदार करण्याच्या यंत्राविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याला आमचे उत्तर असे की, यंत्र परदेशचे असले तरी प्रश्न आपलाही आहे. नागरिकाला एखादी चांगली पण महाग वस्तू घेता यावी म्हणून सरकार अनुदान देते. ते अनुदान नेमके कोणाच्या पदरात पडते, हे आज आम्हांस पाहावयाचे आहे. त्यासाठी आम्ही ब्रिटनचे उदाहरण घेतले आहे. आपल्यापैकी कित्येकांची मुले तेथे घरे घेऊन राहिली आहेत. त्यांच्याही ते उपयोगी पडावे.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. आपल्या घरच्या फ्रिजच्या मागच्या बाजूला हात लावला तर तो भाग कोमट लागतो. आतल्या भाजीपाल्यातून काढलेली उष्णताच तेथे बाहेर पडत असते. हीट पंप हेच काम घराच्या मापाने करतो. तो बाहेरच्या थंड हवेतली किंवा जमिनीतली उष्णता गोळा करून घरात आणून सोडतो. उष्णता निर्माण करावयाची नसून नुसती वाहून आणावयाची असल्यामुळे विजेच्या एका युनिटात सुमारे तीन युनिट उष्णता मिळते. ही कल्पना नवी नाही. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ, यांनी ती १८५२ साली मांडली होती. झुरिकच्या नगरगृहात १९३८ साली नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा पंप बसवण्यात आला.

ब्रिटनमधील बहुसंख्य घरे वायूच्या बॉयलरवर तापतात. त्या धुराने वातावरण बिघडते, म्हणून बॉयलर काढून हीट पंप बसवा, असे सरकारचे सांगणे आहे. पण बॉयलरपेक्षा पंप पुष्कळ महाग. बसवण्याच्या खर्चासह तो बारा-तेरा हजार पौंडांच्या घरात जातो. तेव्हा अनुदान आले.

या अनुदानाची तीन रूपे आम्ही आपल्यापुढे ठेवतो. पहिले २०१४ सालचे. त्यात घरमालकाने सगळा खर्च स्वतः करावयाचा आणि सरकारने दर तिमाहीस थोडी थोडी रक्कम सात वर्षे देत राहावयाचे. हिशेब उदार होता. परंतु आरंभीच हजारो पौंड ज्याच्याजवळ आहेत त्यालाच तो लाभणार. ज्याला मदतीची खरी निकड, तो दाराबाहेरच राहिला.

दुसरे रूप २०२० सालचे. महामारीने मोडलेला व्यापार सावरावा आणि घरेही सुधारावीत, म्हणून दीड अब्ज पौंड बाजूला काढण्यात आले. सहा लाख घरे सुधारावयाची होती. घाई फार, नियम गुंतागुंतीचे, आणि मान्यताप्राप्त कारागीर थोडे. लोकांचे अर्ज पडून राहिले. ज्यांनी काम केले त्यांचे पैसे अडकले. ३१ मार्च २०२१ रोजी योजना बंद झाली, आणि ती बंद होणार हे जाहीर झाले अवघे चार दिवस आधी. तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षा कार्यालयाने त्याच वर्षी तपासणी करून जो अंदाज दिला तो असा : सहा लाखांऐवजी सुमारे साडेसत्तेचाळीस हजार घरे, एकूण खर्च ३१ कोटी ४० लाख पौंड, आणि त्यापैकी सुमारे ५ कोटी नुसत्या कारभारावर. योजनेच्या भरवशावर माणसे नेमून बसलेल्या लहान धंदेवाल्यांचे हाल झाले ते निराळेच.

तिसरे रूप २०२२ साली इंग्लंड आणि वेल्ससाठी आले. यात मागच्या अनुभवातून घेतलेला धडा दिसतो. घरमालकाने सरकारकडे खेटे घालावयाचे नाहीत. त्याने मान्यताप्राप्त बसवणाऱ्यांकडून दोन-तीन अंदाजपत्रके मागवावीत. बसवणारा प्रत्येक खोलीतून किती उष्णता निसटते याचे मोजमाप घेतो, त्यावरून पंपाचा आकार ठरवतो आणि ऑफजेम या नियामक संस्थेकडे स्वतःच अर्ज करतो. संस्था घरमालकाची संमती विचारून घेते. अनुदानाची रक्कम बिलातून आधीच वजा होते. आरंभी हवेवरच्या पंपाला पाच हजार आणि जमिनीतल्या पंपाला सहा हजार पौंड मिळत. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोहोंनाही साडेसात हजार करण्यात आले. भिंती व माळे यांना उष्णतारोधक अस्तर घालण्याची पूर्वअटही मे २०२४ मध्ये काढून टाकली. आपल्या मुलाबाळांना एवढेच सांगावे की, बसवणारा मान्यताप्राप्त आहे याची खात्री करा आणि अनुदान वजा दाखवलेले अंदाजपत्रक लेखी घ्या.

वाट सरळ झाली खरी. पण ती कोठपर्यंत जाते? अनुदान वजा जाता उरलेले चार-पाच हजार पौंड घरच्यांनीच काढावयाचे असतात. भाडेकरूला अर्ज करता येत नाही. घर त्याचे नव्हे. थंडीने कुडकुडतो तो, आणि निर्णय मालकाचा. दुसरी अडचण रोजच्या खर्चाची. अलीकडच्या वर्षांत तेथे विजेचे युनिट वायूच्या सुमारे चौपट भावाने मिळत आले आहे. वायू एक रुपया आणि वीज चार रुपये धरा. पंपाने एक युनिट उष्णता एक रुपया तेहतीस पैशांना पडते. चांगल्या बॉयलरने एक रुपया अकरा पैशांना. म्हणजे सरकारने यंत्र घेण्यास पैसे दिले, पण ते चालवण्याचा खर्च मात्र चढाच ठेवला. उलट नॉर्वेत जलविद्युत विपुल. तेथे निम्म्याहून अधिक घरांत हे पंप आहेत. स्वीडनने १९९१ सालीच कोळसा-तेलाच्या धुरावर कर बसवला, आणि तेथेही पंप घरोघर पोचले. दर योग्य दिशेने झुकलेले असले की अनुदानाला ओढण्याचे बळ थोडे लागते.

जर्मनीने २०२४ पासून अनुदानाला उत्पन्नाच्या पायऱ्या लावल्या. मूळ मदत खर्चाच्या तीस टक्के. कमी उत्पन्नाच्या घरमालकास आणखी तीस. जुने यंत्र लवकर काढणाऱ्यास आणखी वीस. सर्व मिळून मात्र सत्तर टक्क्यांच्या वर नाही. यात गरजेची दखल आहे, हे मान्य केले पाहिजे.

आणि खुद्द ब्रिटननेच एकदा याहून मोठे काम करून दाखवले होते. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत उत्तर समुद्रातला नैसर्गिक वायू आला, तेव्हा सुमारे एक कोटी तीस लाख ग्राहकांच्या शेगड्या व तापके बदलावी लागली. कारागीर गल्लोगल्ली, दारोदार गेले आणि बदल करून आले. त्याचे बिल घरवाल्याच्या हाती पडले नाही. मालक, भाडेकरू, श्रीमंत, गरीब, सर्वांकडे काम झाले. अर्ज नव्हता, म्हणून अर्ज न करणारा मागे राहिला नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याकडे पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली. छपरावर तीन किलोवॅटचा सौरसंच बसवणाऱ्यास ७८ हजार रुपये अनुदान ठरले. संच बसून, तपासणी होऊन, मग रक्कम खात्यात जमा होते. योजना चांगली आहे. पण छप्पर कोणाचे? चाळीतल्या बिऱ्हाडकरूचे नव्हे. संचाचा सगळा खर्च आधी कोणी उभा करावयाचा? ज्याची पत आहे, त्याने.

अनुदान नको, असे आमचे म्हणणे नाही. ते आपल्याच कराचे पैसे आहेत. पात्र असाल तर ते संकोच न धरता घ्या. परंतु प्रत्येक नव्या योजनेला तीन प्रश्न विचारण्याची सवय नागरिकांनी लावून घ्यावी. पैसा आधी मिळतो की नंतर? योजना किती वर्षे टिकणार? आणि ज्याच्याजवळ ना घर ना शिल्लक, त्याच्यापर्यंत ती कोणत्या वाटेने पोचणार? पहिल्या दोन प्रश्नांना सरकारे हळूहळू उत्तरे देऊ लागली आहेत. तिसरा मात्र विचारणारेच थोडे, कारण ज्यांना अनुदान मिळाले ते समाधानी असतात आणि ज्यांना मिळाले नाही त्यांचा आवाज सभेपर्यंत येत नाही. तो येथे बसलेल्यांनी, ज्यांची स्वतःची छपरे आहेत त्यांनीच, विचारला पाहिजे. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.