डिस्चार्जनंतरचा हिशेब



मी वैद्यक जाणणारा नव्हे. कापडाचा व्यापारी आहे. चाळीस वर्षे पेढीच्या गादीवर मांडी घालून बसलो. पुढे दोन्ही गुडघे झिजले. उजव्या गुडघ्याच्या सांध्याचे प्रत्यारोपण २०१८ साली, तर डाव्याचे २०२३ साली झाले. शस्त्रक्रिया एकच, फळ मात्र निरनिराळे मिळाले. त्याचे कारण प्रांजळपणे सांगण्यासाठी आपल्यापुढे उभा आहे.

पहिल्या खेपेस दुसऱ्याच दिवशी वॉकर देऊन मला उभे केले आणि चौथ्या दिवशी घरी सोडले. कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली होती, हे ठाऊक असल्याने बिलाची ओळ न् ओळ तपासली. डिस्चार्ज कार्ड मात्र न वाचताच पिशवीत टाकले! व्यवहार पुरा झाला, अशी माझी समजूत. घरच्यांनी मायेपोटी पलंगावरून उतरू दिले नाही. बरे वाटावे म्हणून गुडघ्याखाली मऊ उशी ठेवली. दीड महिन्याने तपासणीस गेलो, तेव्हा पाय पुरता सरळ होईना. ज्याला आम्ही सेवा समजलो, तीच पायाला नडली. पुढे कित्येक महिने फिजिओथेरपीच्या वेदना सोसल्या. तरी थोडा बाक आजही उरला आहे.

दुसऱ्या खेपेस ते कार्ड करारपत्राप्रमाणे वाचले आणि घरच्यांनाही वाचून दाखविले. आधार टाचेखाली द्यायचा, गुडघ्याखाली नाही. पावले वर-खाली हलवायची, मांडीचे स्नायू आवळून धरायचे. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. रक्त गोठू नये म्हणून दिलेली गोळी सांगितलेल्या दिवसापर्यंत घ्यायची. पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला किंवा जखमेतून स्राव आला, तर तत्काळ डॉक्टरांना कळवायचे. एकाएकी धाप लागली वा छातीत दुखले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठायचे.

आम्ही घरातील सतरंज्या गुंडाळून ठेवल्या, कमोड बसविला, पेढीवर गादीऐवजी खुर्ची आली. मी एक लहानशी वही केली. रोज किती वेळा व्यायाम केला, किती पावले चाललो, याची सायंकाळी नोंद करू लागलो. पाणी मागितले की सौभाग्यवती तांब्या आणून देत नसे. ती म्हणे, “उठा, माठापर्यंत आपण दोघे चालत जाऊ.” तेव्हा राग येई. आज त्याच पायाने मी विनासायास जिना चढतो.

बंधू-भगिनींनो, शल्यविशारद सांधा बसवितात. तो चालता करण्याचे काम आपले व आपल्या घरच्यांचे असते. आपल्या घरी असा रुग्ण परत येईल, तेव्हा त्याच्या उशाशी बसून राहू नका. त्याला हाताला धरून उठवा, एवढीच नम्र विनंती करून मी माझे दोन शब्द संपवितो.