शिरेतला स्टेंट का बंद पडतो?

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक बैठकीत केलेले भाषण)



गेल्या वर्षी माझ्या डाव्या पायाचं प्रकरण झालं, तेव्हा लिफ्टमध्ये भेटेल तो विचारायचा, "काय साहेब, हार्टला किती ब्लॉक निघाले?" स्टेंट म्हटलं की आपल्याला हृदयच आठवतं. माझा स्टेंट ओटीपोटातल्या शिरेत आहे. या दोन्हींतला फरक मला कळला तो स्टेंट एकदा बंद पडल्यावर, म्हणून आज बोलायला उभा आहे.

पायाच्या खोल शिरेत गुठळी होते, तिला डीव्हीटी म्हणतात. पोटात उजव्या पायाकडे जाणारी धमनी डाव्या पायाच्या शिरेवरून ओलांडते आणि काही जणांत शीर मागच्या मणक्यावर दाबली जाते. मे आणि थर्नर या दोघांनी १९५७ साली याचं वर्णन केलं. माझी गुठळी काढली, पण दाब तसाच होता, म्हणून तिथे स्टेंट बसवला.

धमनीत रक्त जोराने येतं. शिरेत ते सावकाश, पायाकडून वर चढत येतं. त्यामुळे सगळा खेळ आवकीचा, हे आम्हा बँकवाल्यांना लगेच पटतं. मांडीतल्या शिरा जुन्या गुठळ्यांनी अरुंद झाल्या असतील तर खालून रक्तच कमी येतं. मग स्टेंट कितीही भारी असो, त्यात रक्त रेंगाळतं आणि साकळतं. स्टेंट आखूड पडून रोगट भाग बाहेर राहिला, पुरेसा उघडला नाही, किंवा जांघेच्या खाली न्यावा लागला, तरी धोका वाढतो. कॅन्सर असेल किंवा रक्तातच गुठळ्या होण्याचा दोष असेल तरीही. हे सगळं डॉक्टरांनी बघायचं.

आपल्या हातात राहते ती रक्त पातळ करणारी गोळी. आणि मी तिथेच माती खाल्ली!

पाचव्या महिन्यात दाढ दुखायला लागली. काढताना रक्त वाहील म्हणून मी आपल्या मनानेच गोळी बंद केली. आठ दिवस. कुणाला विचारलं नाही, हिलाही सांगितलं नाही. मग पाय जड झाला. वाटलं, भिशीला फार वेळ बसलो. तिसऱ्या दिवशी पँट मांडीला घट्ट झाली, तेव्हा हिनेच रिक्षा बोलावली. सोनोग्राफीत स्टेंट बंद! गुठळी ताजी होती म्हणून औषधाने विरघळवता आली. जुनी झाली की ती शिरेला चिकटून बसते, मग काम अवघड होतं. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "एक फोन करायचा होतात."

हृदयाच्या स्टेंटवाल्यांच्या गोळ्या बहुधा वेगळ्या असतात, तेव्हा कट्ट्यावर एकमेकांचं पाहून डोस बदलू नका. वॉर्फरिन घेणाऱ्यांचा आयएनआर बहुतेकदा २ ते ३ ठेवतात; त्यांनी मेथी-पालक एकदम वाढवू नये, एकदम सोडूही नये. सूज परत आली तर घरी शेकत बसू नका.

दाढेचं विचाराल तर ती अजून तोंडातच आहे. पुष्कळदा गोळी बंद न करताही दाढ काढता येते, हे मला आता कळतंय. दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून पुढच्या गुरुवारची वेळ दिली आहे.