शब्दांतील लहानपण



वस्तू लहान आहे हे सांगावयास मराठीत दर वेळी 'लहान' हा शब्द योजावाच लागतो असे नाही. पुष्कळदा नामाचे लिंग बदलले की काम भागते. खुंटा मोठा, खुंटी लहान; तसेच हातोडा–हातोडी, टोपला–टोपली, डबा–डबी, दोर–दोरी. लिंगाबरोबर विशेषण व क्रियापदही पालटते : 'नवा डबा पडला', 'नवी डबी पडली'. हा पाठ फळ्यावरील नियमापेक्षा घरून आणलेल्या जिनसांवरून मुलांस लवकर उमजतो.

मात्र येथे सावधगिरी हवी. घोडी म्हणजे लहान घोडा नव्हे. ती मादी होय. गवत कापण्याचा विळा आणि भाजी चिरण्याची विळी ही तर दोन निराळी अवजारे. म्हणून आधी अर्थ विचारावा, मग शब्दाची जोडी वहीत उतरवावी.

दुसरी रीत प्रत्ययांची : रोप–रोपटे, छोटा–छोटुकला. शिवाय पिलांची नावे आहेतच : गाईचे वासरू, म्हशीचे रेडकू, मेंढीचे कोकरू, शेळीचे करडू, घोडीचे शिंगरू. सर्वांना सरसकट 'पिल्लू' म्हणणाऱ्यापेक्षा गुराख्याच्या मुलाचे शब्दधन येथे मोठे असते. ते त्याच्याकडून वर्गाने ऐकावे.

परंतु लघुत्वाचा शब्द केवळ आकार सांगत नाही. तो भावही सांगतो. वारकरी विठ्ठलास 'विठू' म्हणतो ती माया होय. 'राम'चा 'रामू' होतो तेथे जिव्हाळा असतो. 'राम्या' होतो तेथे बहुधा तुच्छता. सवंगड्यांच्या तोंडी 'राम्या' गोडही लागेल, पण शिक्षकाच्या तोंडी तो बोचतो. कोणाच्या नावापुढे 'राव' लागावे आणि कोण म्हातारपणीही 'राम्या'च राहावा, हे अनेक गावांत जातीवरून ठरत आले. एकाच वर्गात एकास पूर्ण नाव व दुसऱ्यास तोडलेले नाव मिळाले, तर मुले तोच भेद शिकतात. मग समतेचा धडा वाचून उपयोग काय?

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली आहे. नावाची हेटाळणी हाही मनाला होणारा छळच. म्हणून हजेरी घेताना प्रत्येक मुलाचे नाव पटावर आहे तसे पूर्ण उच्चारावे. खुंट्याची खुंटी खुशाल व्हावी. शाळेत कोणाचे नाव मात्र लहान होऊ नये.