जुन्या वाहनाचा पट्टा आणि शीतन व्यवस्था
(खडेबाजार, बेळगाव येथील भाषण)



निपाणीहून तवंदी घाट चढून येणारी जुनी निवासी गाडी तापली, तर दोष केवळ चढाला देऊ नये. पट्टा सैल झाला की पंप व पंखा मंदावतात. पाणी फिरत नाही, रेडिएटरला वारा मिळत नाही.

इंजिन बंद व थंड असताना पट्ट्याच्या लांब मोकळ्या भागावर अंगठा दाबावा. साधारणतः १ सेंटिमीटर दबणे योग्य. मात्र निर्मात्याचे माप प्रमाण मानावे. भेगा वा चकाकी दिसताच पट्टा बदलावा. रबरी नळ्या फुगल्या नाहीत ना, हेही पाहावे.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. दाबामुळे १०० अंशांवरही न उकळलेले पाणी दाब सुटताच उसळून तोंड भाजते.

जादा पट्टा जवळ बाळगावा. गाडीत निजलेली मुलेबाळे आपल्याच भरवशावर असतात.