मध आणि यकृत



हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यांतील डोंगरकडा हा केळी आणि हळद यांच्या मळ्यांचा मुलूख. तेथील शेतकऱ्याच्या घरांत काय, किंवा शहरांतील आपल्या घरांत काय, मधाच्या बाटलीला औषधाचा मान असतो. खोकल्यावर तो चाटवावा, वैद्यांच्या मात्रेला त्याचें अनुपान द्यावें, ही वहिवाट फार जुनी. अलीकडे मात्र मध यकृताचें रक्षण करतो, असेंहि ऐकूं येतें. त्यांत तथ्य किती, याचा आज विचार करूं.

तथ्य आहे, पण तें मुख्यतः प्रयोगशाळेंतील उंदरांपुरतें. कार्बन टेट्राक्लोराइडसारख्या विषाबरोबर, किंवा पॅरासिटामॉलच्या घातक मात्रेपूर्वीं, उंदरांना मध दिला असतां यकृताची हानि कमी झाल्याचें कित्येक प्रयोगांत आढळलें. मधांत फुलांपासून आलेलीं फेनॉलिक द्रव्यें असतात. विषामुळें होणारी पेशींची प्राणवायुजन्य झीज तीं आवरतात, असा त्याचा उलगडा केला जातो. मनुष्याच्या बाबतींत मात्र तितका भक्कम पुरावा नाहीं.

आतां दुसरी बाजू. मधाच्या वजनाचा सुमारें चार-पंचमांश भाग साखरेचा असतो. २१ ग्रॅमच्या एका मोठ्या चमच्यांत ती १७ ग्रॅम भरते, आणि तींत फलशर्करेचा वांटा सर्वांत मोठा. फलशर्करेचा बहुतेक भार यकृतावरच पडतो. ती अति झाली कीं तेथें चरबी सांचते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं साखरेची मर्यादा सांगतांना मधांतील साखरहि हिशेबांत धरली. मध घ्यावा तो साखरेच्या ऐवजीं. साखरेच्या जोडीला नव्हे.

परंतु खरा धोका निराळाच आहे. घरांत कोणास कावीळ झाली, कीं मध आणि उसाचा रस यांवर विसंबून आठवडा घालविला जातो. कावीळ हें केवळ लक्षण आहे. दूषित पाण्यांतून आलेला विषाणू, रक्तावाटे शिरलेला विषाणू, दारू, पित्तनलिकेंतील खडा, यांपैकीं कारण कोणतें, हें तपासणीवांचून कळत नाहीं. गर्भवतीस तर ‘ई’ प्रकारची कावीळ प्राणघातक ठरूं शकते. रोगी असंबद्ध बोलूं लागला किंवा त्यास ग्लानि आली, तर क्षणाचाहि विलंब न लावतां रुग्णालय गांठावें.

यकृताचे खरे रक्षक साधे आहेत: उकळलेलें पाणी, ‘बी’ काविळीची लस, मद्यवर्ज्य आणि बेताची साखर. एवढें सांभाळून चमचाभर मध खुशाल घ्यावा. एक वर्षाच्या आंतील बाळास मात्र तो मुळींच चाटवूं नये. त्यांतील सूक्ष्म जंतुबीजांपासून त्यास बोट्युलिझम हा भयंकर रोग होऊं शकतो. मध हें उत्तम अन्न आहे. त्याच्यावर वैद्याचें काम लादूं नये, इतकेंच माझें सांगणें.