सडकेची धाव आणि पाऊलवाटेची धाव
(वर्धापनदिनी झालेले भाषण)



सोयगावाहून हळदा गावाकडे चढणारा डांबरी घाट आणि त्यालगतची वेताळवाडीच्या किल्ल्याची पाऊलवाट, दोन्ही आपल्या ओळखीच्या. हौसेने पळणारीने कोणती धरावी?

सडकेवर प्रत्येक पाऊल सारखेच पडते. वेग साधतो, परंतु तोच तो ताण गुडघ्यांवर नि नडग्यांवर येतो. पाऊलवाटेवर पाऊल दर वेळी निराळे पडते; घोटे, पोटऱ्या, कंबर, सारीच कामाला लागतात. तेवढ्याच अंतराला वेळ अधिक लागतो, म्हणून तिथे मैल न मोजता मिनिटे मोजावीत. उभा चढ खुशाल चालत चढावा. उतार मात्र कपटी! सुट्या मुरमावर लहान पावले टाकावीत, नजर चार हात पुढे ठेवावी.

नाशिक जिल्ह्यातील सावरपाड्याची कविता राऊत डोंगरवाटांवर अनवाणी पळत वाढली. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्यपदक तिने मिळवले, ते मात्र सपाट धावपट्टीवर.

माझे मत विचाराल तर, आठवड्यातून एकदा पाऊलवाट, एरवी सडक. लोक बघतात म्हणून सडक सोडून आडवाटेला जाणे मला मुळीच पसंत नाही. बघू देत! पाऊलवाटेला जावे ते आवडीने, आणि जोडीने. एकीचा पाय मुरगळला, तर गावात निरोप न्यायला दुसरीचे पाय धड हवेत.